आधी मार्ग, मग स्थानक, शेवटी घर

बदलीचं पत्र किंवा नव्या नोकरीचा होकार आला, की सांगली-नांदेडकडच्या घरात पगारावरची चर्चा लवकर संपते आणि ‘मुंबईत राहायचं कुठे?’ ही सुरू होते. नातेवाइकांना फोन जातात. ठाण्याची मावशी ठाण्याचं कौतुक करते, बोरिवलीचा मामेभाऊ नॅशनल पार्कच्या हवेचं सांगतो, डोंबिवलीचे काका ‘आपली माणसं आहेत इथं’ हा मुद्दा सोडत नाहीत. तिघांचंही बरोबर असतं, पण ते त्यांच्या नोकरीच्या ठिकाणाला आणि त्यांनी घर घेतलं त्या काळाला धरून. तुमचं ऑफिस वेगळं, तुमच्या मुलांची वयं वेगळी, म्हणून तुमचं उत्तरही वेगळं निघणार.

बहुतेक लोक सुरुवात मोबाईलवर फ्लॅटचे फोटो पाहून करतात. स्वयंपाकघर आवडतं, भाडं परवडतं, आणि मग ‘स्टेशनपासून किती लांब?’ असं विचारलं जातं. हा क्रम उलटा करायला हवा. जे नंतर बदलता येत नाही ते आधी ठरवायचं आणि जे सहज बदलता येतं ते शेवटी. रेल्वेमार्ग तुमच्यासाठी बदलणार नाही. स्थानकावर जलद गाडी थांबते की नाही, जमीन सखल आहे की उंच, पाणी कोणत्या धरणातून येतं, हेही तुमच्या हातात नाही. घर मात्र अकरा महिन्यांनी टेम्पो बोलावून बदलता येतं. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

उपनगर म्हणजे कुठपर्यंत?

मुंबईची हद्द १९५० मध्ये पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य मार्गावर भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला पोचली, ती आजही तिथेच आहे. वांद्र्याला मुख्यालय असलेला मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला. पण रोज सकाळी मुंबईत कामाला येणारा माणूस या रेषेच्या आतला असतोच असं नाही. मुंबई महानगर प्रदेशात मुंबईखेरीज ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा आठ महापालिका आहेत. अंबरनाथ आणि बदलापूर त्याहूनही पुढे.

बोलताना हे सगळं ‘मुंबई’च असतं. राहायला लागलं की मात्र फरक कळतो. पाणी, कचरा, रस्ते, बससेवा हे सगळं ज्या त्या पालिकेवर अवलंबून असतं. वीजही सगळीकडे एका कंपनीची नाही. मुंबईच्या हद्दीत असूनही भांडुप आणि मुलुंडला महावितरणची वीज आहे, बाकीच्या उपनगरांत अदानी किंवा टाटाची. बाहेरगावच्या माणसाला हटकून चकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रिक्षा. ती पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि मध्य मार्गावर सायनपर्यंतच चालते. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी, बस किंवा पाय.

पहिली पायरी : ऑफिसवरून रेल्वेमार्ग

कागदावर आधी नोकरीची जागा लिहा, आणि ती नेमकी लिहा. ‘अंधेरी’ एवढं पुरत नाही. सीप्झ, चकाला, मरोळ हे अंधेरी पूर्वेला आणि लोखंडवाला, वर्सोवा पश्चिमेला. घरात दोघं नोकरी करणारे असतील तर दोन्ही जागा लिहा.

आता मार्ग पाहा. पश्चिम मार्ग चर्चगेटहून विरारला आणि पुढे डहाणूला जातो. मध्य मार्ग सीएसएमटीहून कल्याणला जातो, आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात : एक कसाऱ्याकडे, दुसरा बदलापूर-कर्जतवरून खोपोलीकडे. हार्बर मार्ग सीएसएमटीहून वडाळ्यापर्यंत येतो, तिथून एक शाखा वांद्रे-अंधेरीवरून गोरेगावला आणि दुसरी कुर्ल्यावरून वाशी-पनवेलला जाते. ट्रान्स-हार्बर मार्ग ठाण्याला नवी मुंबईशी जोडतो. त्यावर ऐरोली, रबाळे, घणसोली ही आयटी कंपन्यांची स्थानकं लागतात. नेरूळ-बेलापूरहून उरणला जाणारा मार्ग जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाला.

मेट्रोने यात काही आडवे दुवे जोडले आहेत. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो १ पश्चिम आणि मध्य मार्ग जोडते. दहिसरहून अंधेरी पश्चिमेकडे २अ आणि अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीकडे ७ धावते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिने सीप्झ, विमानतळ, बीकेसी, वरळी आणि नरिमन पॉइंटजवळचं विधान भवन एका रेषेत आणलं.

ऑफिस लोअर परळला असेल तर पश्चिम मार्गावर लोअर परळ आणि मध्य मार्गावर करी रोड ही दोन्ही स्थानकं चालतात. पवईला असेल तर कांजूरमार्ग किंवा विक्रोळी. बीकेसीला असेल तर वांद्रे, कुर्ला किंवा मेट्रो ३. यावरून एक नियम काढता येतो : एका मार्गावर बसून, न बदलता, ऑफिसच्या जवळ उतरता येईल तो मार्ग पहिला. एकदा गाडी बदलावी लागली तर चालेल, पण कुठे बदलायची ते पाहा. दादर, कुर्ला, घाटकोपर या ठिकाणी बदलणं म्हणजे गर्दीच्या वेळी जिना चढून, पूल ओलांडून, दुसऱ्या फलाटावर पुन्हा उभं राहणं. दोनदा बदलावी लागणारी जागा यादीतून काढून टाका, भाडं कितीही कमी असलं तरी.

दुसरी पायरी : मार्गावरचं स्थानक

मुंबईत अंतर मिनिटांत सांगतात, आणि किलोमीटर-मिनिटांचं गणित प्रत्येक मार्गावर वेगळं असतं. सीएसएमटीपासून पनवेल सुमारे ४९ किलोमीटर, कल्याण सुमारे ५४. तरी जलद लोकलने कल्याण साधारण तासाभरात येतं आणि पनवेलला त्याहून पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. कारण हार्बरवर दोनच रूळ आहेत आणि गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते. मध्य आणि पश्चिम मार्गांवर जलद आणि धीम्या गाड्यांचे रूळ वेगळे आहेत. म्हणून स्थानक निवडताना पहिला प्रश्न : इथे जलद लोकल थांबते का? मध्य मार्गावर घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे थांबते. मुलुंड, भांडुप, विक्रोळी इथे काहीच जलद गाड्या थांबतात. नाहूर किंवा कळव्याला घर घेतलं तर धीमी लोकल गृहीत धरा.

दुसरा प्रश्न : इथून गाडी सुटते का? बोरिवली, अंधेरी, विरार, ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वाशी, पनवेल इथून गाड्या सुटतात. सुटणारी गाडी म्हणजे रिकामा डबा आणि बसायला जागा. मधल्या स्थानकावर राहणारा माणूस गर्दीच्या वेळी लटकत जातो, किंवा आधी उलट दिशेला जाऊन तीच गाडी बसून पकडतो. रोजची पंधरा-वीस मिनिटं त्यात जातात, ती हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेली नसते. संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या विरार फास्टमध्ये बोरिवलीचा जुना प्रवासी चढत नाही, तो बोरिवली लोकलची वाट पाहतो. विरार गाडीत चढला तरी बोरिवलीला उतरता येईलच याची खात्री नसते, आणि ‘बोरिवलीच्या गाड्या नाहीत का?’ हा प्रश्नही ऐकावा लागतो. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत ठाण्याच्या प्रवाशाचं हेच होतं. म्हणून गाड्या मोजताना तुमच्या स्थानकावर थांबणाऱ्या सगळ्या मोजू नका, तुम्हाला खरोखर चढता येईल अशाच मोजा.

चौथी बाब कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांसाठी. कल्याणपर्यंत निदान चार रूळ आहेत. पुढच्या बऱ्याच भागात लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या एकाच जोडीवर धावतात. अंबरनाथ-बदलापूरला घरं स्वस्त आणि मोठी मिळतात. त्याची किंमत अशी, की एक लोकल चुकली की पुढची बऱ्याच वेळाने येते, आणि लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की लोकल थांबून राहते. विरारच्या पुढे डहाणूकडेही तसंच.

घरातल्या स्त्रीचा प्रवास वेगळा मोजावा. चर्चगेट-बोरिवली ही महिला विशेष लोकल मे १९९२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अशा गाड्या वाढल्या आहेत. त्या कुठून, किती वाजता सुटतात आणि तुमच्या स्थानकावर थांबतात का, हे पाहून ठेवा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्यू झाले. गर्दी ही नुसती गैरसोय नसते, एवढं लक्षात ठेवून स्थानक निवडा.

तिसरी पायरी : पूर्व की पश्चिम, आणि शेवटचा टप्पा

स्थानक ठरलं की बाजू ठरवायची. रूळ गावाचे दोन भाग करतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते दोन भाग वेगवेगळ्या गावांसारखे वागतात. शाळा पश्चिमेला आणि घर पूर्वेला असेल तर रोज पूल चढायचा. गाडीने जायचं तर उड्डाणपूल शोधायचा, आणि तो पूल बंद पडला तर? अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. अडीच वर्षं अंधेरीकरांना पूर्व-पश्चिम करण्यासाठी वळसे घालावे लागले. म्हणून शाळा, दवाखाना, बाजार आणि घर रुळाच्या एकाच बाजूला असावं, असा आग्रह धरा.

त्यानंतर स्थानक ते घर हा टप्पा. जाहिरातीत ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असतात. ती दुपारी दोन वाजताची, स्वतःच्या गाडीने मोजलेली. संध्याकाळी सात वाजता शेअर रिक्षाची रांग किती लांब आहे, ती स्वतः उभं राहून पाहा. बेस्टची किंवा त्या शहराच्या परिवहनची बस किती वेळाने येते ते रांगेतल्या माणसाला विचारा. रात्री दहानंतर रिक्षा मिळते का, रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, हेही. स्थानकापासून चालत पंधरा मिनिटांत असलेलं छोटं घर आणि रिक्षाने अर्ध्या तासावरचं मोठं घर यांत निवड करायची असेल, तर पहिल्या वर्षी छोटं घ्या.

एक गणित सोडवून पाहू

समजा, त्याचं ऑफिस बीकेसीला, तिचं ऐरोलीला, आणि मुलगी पाचवीत. यादीत खारघर, मुलुंड आणि ठाणे अशी तीन नावं आली आहेत.

खारघरला सिडकोने आखलेले रुंद रस्ते आहेत, मोकळी हवा आहे, आणि त्याच पैशात घर मोठं मिळतं. तिला ट्रान्स-हार्बरची ठाणे गाडी थेट ऐरोलीला सोडते, पाऊण तासाच्या आत. त्याला हार्बरने कुर्ल्यापर्यंत पाऊण तासाच्या आसपास धीमी गाडी, आणि पुढे बीकेसीची बस किंवा शेअर रिक्षा.

मुलुंड मुंबई महापालिकेत आहे. त्याला कुर्ला पंचवीस मिनिटांच्या आत. तिला ऐरोली पुलावरून बस, किंवा लोकलने ठाण्याला जाऊन गाडी बदल. पुलावर वाहतूक तुंबली की बस अडकते, तेव्हा पर्याय म्हणून ठाणे हाताशी आहे. दोघांचे प्रवास मध्यम, दोघांनाही पर्यायी रस्ता.

ठाण्याला सगळ्या जलद लोकल थांबतात, ठाण्याहून गाड्या सुटतातही. त्याला कुर्ला साधारण पंचवीस मिनिटं. तिला ऐरोली, मधलं दिघा गाव सोडलं तर, पुढचंच स्थानक. पण ठाण्यात कुठे, हा प्रश्न उरतोच. नौपाडा-पाचपाखाडी स्थानकाजवळ, म्हणून महाग. घोडबंदर रस्त्यावर संकुलं मोठी, पोहण्याचा तलाव, बाग, सगळं आहे. पण कासारवडवलीहून स्थानकाला यायचं तर गर्दीच्या वेळी पाऊण तास सहज जातो. मग दहा मिनिटांच्या लोकलला अर्थ काय राहिला? पूर्वेचं कोपरी त्या मानाने कमी बोललं जातं. ट्रान्स-हार्बरच्या गाड्या स्थानकाच्या पूर्व अंगाच्या फलाटांवरून सुटतात, त्यामुळे तिला तो भाग सगळ्यांत जवळचा.

आता निकाल कसा लावायचा? सरासरी काढून नाही. संध्याकाळी घरी आधी कोणाला पोचावं लागतं, हे आधी ठरवा. पाळणाघर साडेसातला बंद होतं, मुलीची शिकवणी असते, आजी आजारी असते. ज्याच्यावर ही जबाबदारी आहे, त्याचा प्रवास लहान आणि भरवशाचा असला पाहिजे. इथे ती जबाबदारी तिच्यावर असेल तर कोपरी किंवा नौपाड्यातलं छोटं घर. त्याच्यावर असेल तर मुलुंड. आणि दोघंही आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करत असतील, तर खारघर पुन्हा शर्यतीत येतं.

चौथी पायरी : पाणी, नळातलं आणि रस्त्यावरचं

मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून पाणी येतं. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. वसई-विरारचा भर सूर्या प्रकल्पावर आहे. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या बाजूला एमआयडीसीच्या बारवी धरणाचं पाणी येतं. हे पाठ करायची गरज नाही. धरण कोणतंही असो, तुमच्या इमारतीच्या टाकीपर्यंत पाणी किती पोचतं ते महत्त्वाचं. वॉचमनला तीन प्रश्न विचारा : पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, आणि टँकर येतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘उन्हाळ्यात कधीतरी’ असं आलं, तर सोसायटीच्या हिशेबात टँकरचा खर्च किती ते पाहायला मागा. नव्या वस्त्यांत, घोडबंदर रस्त्यासारख्या झपाट्याने वाढलेल्या पट्ट्यांत, हा प्रश्न न विचारता करार करू नका.

दुसरं पाणी पावसाचं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा मुंबईकर विसरलेला नाही. पण त्रास द्यायला एवढा पाऊस लागत नाही. समुद्राला मोठी भरती, साडेचार मीटरच्या वरची, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस आला, की नाल्यांतलं पाणी समुद्रात जात नाही, ते मागे सखल भागात साचतं. अंधेरी आणि मिलन सबवे, कुर्ला, नालासोपारा ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतात ती यामुळेच. सिडकोने नवी मुंबई वसवताना खाडीकाठी पाणी साठवणारे धारण तलाव आणि भरतीचं पाणी अडवणारी दारं ठेवली, कारण तिथली बरीच जमीन खाडीच्या पातळीच्या आसपासची. बदलापूरला धोका समुद्राचा नाही, उल्हास नदीचा आहे. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

उन्हाळ्यात घर पाहायला गेलात तर पाणी दिसणार नाही, खुणा दिसतील. तळमजल्याच्या दुकानांचे ओटे किती उंच केले आहेत? विजेच्या मीटरची पेटी जमिनीपासून किती वर बसवली आहे? भिंतीवर ओलीची आडवी रेघ आहे का? किराणा दुकानदाराला विचारा, ‘पावसात माल कुठे ठेवता?’ तो दलाल नाही, खरं सांगतो.

हवेचंही पाहून घ्या. कांजूरमार्गच्या कचराभूमीचा वास वाऱ्याच्या दिशेप्रमाणे विक्रोळी-भांडुपच्या पूर्व बाजूला जातो. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये कारखान्यांत मोठे स्फोट झाले, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कारखान्यांना लागून असलेला निवासी भाग रात्रीही एकदा पाहावा, कारण वास रात्री जास्त जाणवतो.

येऊ घातलेली मेट्रो

‘मेट्रो येतेय, मग इथले भाव दुप्पट होतील,’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दलाल ऐकवेल. मेट्रो येते, हे खरं आहे. किती वर्षांनी, हा प्रश्न आहे. मेट्रो १ ची पायाभरणी २००६ मध्ये झाली, गाडी धावली २०१४ मध्ये. नवी मुंबईच्या बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं, सेवा सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. त्या भरवशावर तळोज्याला घर घेतलेल्याचं पहिलीतलं मूल तेवढ्या काळात शाळा संपवून बाहेर पडलं. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन २०१८ मध्ये, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये.

भाड्याने राहणाऱ्याने तर आजचाच प्रवास मोजावा. उद्याच्या मेट्रोचं भाडं आज भरण्यात अर्थ नाही. उलट काम चालू असेपर्यंत रस्ता अरुंद, धूळ आणि वाहतूक कोंडी तुमच्या वाट्याला येते, तीही हिशेबात धरा.

शेजार, शाळा, डबा

इथपर्यंत आलात तर यादीत एखाददुसरंच नाव उरलं असेल. आता राहणीमानाचं पाहायला हरकत नाही. शाळेसाठी घरापासून चालत जाता येईल असा पल्ला आधी घ्या. वर्षाच्या मध्यात बदली झाली तर प्रवेश जागांवर अवलंबून असतो, म्हणून घराचं टोकन देण्याआधी शाळेत जाऊन जागा आहे का ते विचारा. मराठी माध्यम हवं असेल तर शोध आणखी नेमका करावा लागतो, कारण चालणाऱ्या चांगल्या शाळा पार्ले, ठाणे, डोंबिवली अशा ठरावीक ठिकाणी एकवटल्या आहेत.

दोघं नोकरी करणारे असाल तर गल्लीत पोळीभाजी केंद्र आहे का, पाळणाघर किती वाजेपर्यंत उघडं असतं, सकाळी सातला दूध दारात येतं का, याला बागेपेक्षा जास्त गुण द्या. नाटकाची आवड असेल तर पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, ठाण्याचं गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, वाशीचं विष्णुदास भावे, अशी नाट्यगृहं जवळपास प्रत्येक मार्गावर आहेत. रविवारचा प्रयोग गाठायचा तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधी बघा.

एक अवघड प्रश्न पहिल्याच फोनवर विचारून टाका : ‘घरात मासे-मटण शिजवलं तर चालेल ना?’ काही सोसायट्यांत मालक किंवा समिती नाही म्हणते, आणि ते सामान उतरवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तसंच पाहुण्यांचं, पाळीव प्राण्यांचं आणि गाडी लावायच्या जागेचं.

पाहणी कशी करावी याचा एक साधा नेम आहे. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, तुमच्या ऑफिसच्या वेळेला, त्या स्थानकावरून प्रत्यक्ष लोकल पकडून ऑफिसपर्यंत जा. त्याच दिवशी संध्याकाळी परत या आणि स्थानकापासून घरापर्यंत चालत किंवा रांगेत उभं राहून पोचा. घड्याळ दार ते दार लावा. रविवारी दुपारी गाडीने फेरी मारून ठरवलेली जागा सोमवारी वेगळीच दिसते.

पाचवी पायरी : कागद

भाड्याच्या घरासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार होतो, बहुधा अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरण्याची तरतूद त्याच कलमात आहे. ‘नोटरी करून टाकू, खर्च वाचेल,’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मुद्रांक शुल्क करारकाळातल्या एकूण भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या अनामतीच्या वार्षिक दहा टक्के गृहीत व्याजावर, ०.२५ टक्के असतं. नोंदणी फी पालिका हद्दीत १,००० रुपये. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते.

करारात चार गोष्टी वाचून घ्या : किती महिन्यांआधी घर सोडता येणार नाही, नोटीस किती दिवसांची, अनामत किती दिवसांत परत, आणि मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून ना-वापर शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. मालक ते तुमच्यावर टाकत असेल तर आकडा तपासा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवणंही विसरू नका.

विकत घ्यायचं असेल तर घाई करू नका. पहिलं वर्ष भाड्याने काढा, आणि त्यात एक अख्खा पावसाळा आलाच पाहिजे. त्यानंतर इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते पाहा. जुनी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, नसेल तर मानीव अभिहस्तांतरण झालं आहे का, ते विचारा. नवी मुंबईत सिडकोची जमीन बहुतांशी भाडेपट्ट्यावर आहे, हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. बांधकाम चालू असेल तर महारेराचा क्रमांक संकेतस्थळावर तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपारा पूर्वेला आरक्षित जमिनीवरच्या ४१ बेकायदा इमारती २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. त्यांतल्या कुटुंबांनीही पैसे मोजून घरं घेतली होती. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि ती तिथून दिली गेली आहे का ते विचारा.

पहिल्या करारात नोटीस एक महिन्याची आणि सक्तीचा काळ शक्य तितका कमी ठेवा. घर मे महिन्यात घेतलंत, तर ऑगस्टअखेरीपर्यंत रेल्वेमार्ग, रिक्षाची रांग, नळाची वेळ आणि गल्लीतलं पाणी या सगळ्यांची परीक्षा झालेली असेल. सप्टेंबरात दोघांनी बसून हीच यादी पुन्हा वाचा. मार्ग आणि स्थानक बरोबर निघालं असेल आणि फक्त घर अडचणीचं असेल, तर शाळा, पास, दूधवाला, काहीही न बदलता त्याच स्थानकाच्या त्याच बाजूला दुसरं घर शोधा. स्थानकच चुकलं असेल, तर डिसेंबरच्या आत शाळांची चौकशी सुरू करा आणि करार संपेल त्या महिन्यात हला. मूल नव्या वर्गात इतरांबरोबरच जूनमध्ये बसेल.